दोरीवरची वर्दी

आमच्या थोरल्या नातवाचं जावळ काढलं ते साल १९९६. चैत्रातला रविवार धरला होता. मांडव आदल्या दिवशीच घालून झाला होता, पण सकाळी उठून बघते तर नुसते खांब उभे आणि वरचं कापड गायब.

"कापड कुठाय हो?" मी आमच्या मालकांना विचारलं.

"जालूअण्णांची माणसं घेऊन गेली. तासाभरात आणून देतो म्हणाली. चौकात पोलीस चौकीचं उद्घाटन आहे. साहेबांना ऊन लागेल."

"आणि आपल्या पोराला?"

"पोराच्या डोक्यावर अजून केस आहेत," मालक म्हणाले.

न्हावीही तिकडेच गेला होता. मग आम्ही सगळेच गेलो. सून, लेक, व्याही, विहीणबाई, आणि माझ्या कडेवर जावळाचं पोर. आमच्याच मांडवाखाली उभं राहून आम्ही जालूअण्णांचं भाषण ऐकलं.

जालिंदर झेंडे हे आमचे नगरसेवक. सगळे त्यांना जालूअण्णा म्हणत. आमची वस्ती शहराच्या अगदी कडेला होती. शेतं विकून पाडलेले गुंठे, त्यावर पत्र्याची आणि विटांची घरं. बस हायवेला थांबायची. तिथून वस्तीपर्यंत कच्चा रस्ता, मध्ये ओढा, दोन्ही अंगांना बाभळी. बरोबर मध्यावर म्हसोबाचा चौक. चौकात आमची इस्त्रीची टपरी होती, कारण कंपनीत जाणारे लोक जाताना कपडे टाकत आणि येताना नेत. बाकी आसपास घर नव्हतं. त्या रस्त्यावर मोटरसायकलवरून दोघं यायचे आणि बायकांच्या गळ्यातलं ओरबाडून न्यायचे. शेवंता गाडेकरणीचं मंगळसूत्र गेलं, तेव्हा तिच्या मानेचं कातडंसुद्धा सोललं होतं. माझी सून, मंगल, गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ती याच रस्त्यानं यायची. ती घरात पाऊल टाकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

म्हणून अण्णांनी चौकी बांधून घेतली. एक खोली, पुढे ओटा, वर पत्रा, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंग. अण्णांनी फीत कापली आणि म्हणाले, "आजपासून आयाबहिणींच्या गळ्याला हात लावायची कुणाची छाती होणार नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पोराचे हात धरून. मग साहेब गाडीत बसले, अण्णा गाडीत बसले, अण्णांच्या माणसानं चौकीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून तोही गेला.

"चौकीला कुलूप कशाला?" शेवंतानं विचारलं.

"चोरीला जाऊ नये म्हणून," आमचे मालक म्हणाले.

हसलो सगळे. मांडवाचं कापड दुपारी परत आलं, त्याच्या एका टोकाला गुलाल लागला होता.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, कुलूप तसंच. चौकीच्या ओट्यावर कुत्री झोपायची. पहिले काही दिवस चोरांनी दम धरला असेल, पण त्यांनाही डोळे होतेच. आषाढात दोघींची मंगळसूत्रं गेली.

आमच्या मागच्या गल्लीत मुळीक हवालदार भाड्यानं राहत. नोकरी मोठ्या ठाण्यात, तिकडे लांब गावात. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. बायको वारलेली, मुलगा परगावी. कपडे आमच्याकडेच धुवायला आणि इस्त्रीला. अंगानं सडसडीत, बोलणं हळू, आणि रोज टपरीवर उभ्यानं चहा. मी त्यांना म्हणाले, "मुळीकभाऊ, तुम्ही का नाही बसत चौकीत?"

"वहिनी, मी बसायचं म्हणून थोडाच बसतो? मला बसवायला लागतं." ते म्हणाले. "आमचं अर्धं ठाणं मंत्र्यांच्या बंदोबस्ताला, अर्धं मोर्चाच्या. उरलेलं रजेवर."

"मग अण्णांनी बांधली कशाला?"

"बांधणं अण्णांच्या हातात आहे. माणूस देणं नाही. जे हातात आहे ते करून मोकळे झाले."

श्रावणात आठवडाभर झड लागली. कपडे वाळेनात. एका दिवशी ऊन पडलं तसं मी सगळ्या दोऱ्या भरल्या, तरी हवालदारांचे दोन जोड उरले. चौकीच्या ओट्यावर, पत्र्याखाली, खांबाला खांब बांधून अण्णांच्या माणसांनी फुलांच्या माळांसाठी एक तार ओढली होती ती तशीच होती. मी ते खाकी शर्ट आणि पँटी तिच्यावर टाकले. संध्याकाळी काढायला विसरले.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली. "काय गं कौसा, चौकी सुरू झाली वाटतं? बरं झालं बाई. दोघं असतात का? दोन शर्ट दिसले."

मी तोंड उघडलं होतं सांगायला. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटरसायकल आली. चौकाच्या अलीकडे तिचा वेग मंदावला. मागे बसलेल्यानं पुढच्याच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडी जागच्या जागी वळून हायवेकडे परत गेली. शेवंतानं ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "झाली सुरू."

त्या संध्याकाळी मी मुळीक हवालदारांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. सरकारी कपडे. ते बराच वेळ चहाचा कप हातात धरून त्या तारेकडे बघत राहिले. मग घरी गेले आणि एक जुनी वर्दी घेऊन आले, कोपरावर विरलेली, आणि एक जुनी टोपी.

"रोज तारेवर घालत जा," म्हणाले. "एकच जोड रोज दिसला तर संशय येईल. अदलून-बदलून. आणि वहिनी, हे तुमच्या-माझ्यात. दामूशेठ, तुमच्याही. चौथा कान नको. बायकांना कळलं की नळावर जाईल, आणि नळावर गेलं की ओढ्यापलीकडे जाईल."

आमच्या मालकांना ते दामूशेठ म्हणत. मालक म्हणाले, "म्हणजे आमच्या टपरीला आता पोलीस खातं जोडलं."

"पगार मागू नका म्हणजे झालं."

असं ते सुरू झालं. सकाळी टपरी उघडली की कोळसे पेटवायच्या आधी मी वर्दी वाळत घालायची. पाण्यात बुडवून, पिळून, ओलीच घालायची. कोरडी वर्दी वाळत घातली तर कुणालाही समजतं. शर्ट दारासमोर पसरायचा, रस्त्यावरून कुलूप दिसू नये म्हणून. दुपारी तो काढून दुसरा टाकायचा. टोपी खिडकीच्या गजाला अडकवायची, काढायची. दिवेलागणीला मालक टपरीतला कंदील नेऊन ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. श्रावण गेला, भादवा गेला. त्या रस्त्यावर एकीच्याही गळ्याला हात लागला नाही. मंगल एकदा बोलता बोलता म्हणाली, "आत्या, आता मी ओढ्याजवळ पळत नाही. चालत येते." मला इतकं बरं वाटलं की मी तिलाही खरं सांगितलं नाही.

त्याच दिवसांत मी अक्षरं शिकत होते. हेमलता डुंबरे म्हणून एक मुलगी बालवाडीवर होती. ओतूरकडची, लग्नाला वर्ष झालेलं, नवरा कंपनीत लेथवर. सरकारनं प्रौढ बायकांना शिकवायचं काढलं होतं, तर ही दुपारी पाटी घेऊन प्रत्येकीच्या दारात जायची. मी म्हणाले, मला वेळ नाही, मी टपरी सोडू शकत नाही. तर ती टपरीवरच येऊन बसायला लागली, कोळशाच्या पोत्यावर वर्तमानपत्र टाकून. मी पन्नाशीच्या पुढची आणि ती माझ्या लेकीच्या वयाची, पण शिकवताना मी तिला बाईच म्हणायची.

"मावशी, 'क' ला शेपूट द्या. बिनशेपटाचा झाला तो."

"शेपूट दिलं तर तो पळून जाईल, बाई."

"इस्त्री ठेवा त्याच्यावर."

तिला हसू आलं की ती तोंडावर पदर घ्यायची, आणि पदराला खडू लागायचा. बालवाडी सुटल्यावर ती शहरात पुढचं शिकायला जायची आणि संध्याकाळच्या बसनं परत यायची, त्याच रस्त्यानं. चौकीवरून जाताना रोज मोठ्यानं म्हणायची, "नमस्कार हवालदारसाहेब!" मला वाटायचं, किती भोळी पोर आहे.

दिवाळीच्या सुमारास अण्णांनी चौकात सभा घेतली. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. अण्णा म्हणाले, "चौकी झाल्यापासून या रस्त्यावर चोरी शून्य! हे कोणामुळे?" लोक म्हणाले, "अण्णांमुळे!" मुळीक हवालदार माझ्या शेजारी उभे होते, साध्या कपड्यांत. मला म्हणाले, "वहिनी, हे वाईट झालं."

"का? बोलू दे की त्यांना. आपल्याला काय."

"शून्य म्हणाले ना. आता माणूस मिळायचा नाही."

मला कळलं नाही. म्हणून दोन दिवसांनी ते मला मोठ्या ठाण्यात साहेबांकडे घेऊन गेले. मी इरकली नेसून गेले होते. साहेब काही वाईट नव्हते. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, "साहेब, आमच्या चौकीला एक शिपाई द्या. नुसता संध्याकाळपुरता."

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या रस्त्यावर श्रावणापासून एक तक्रार नाही. स्टेशनमागच्या वस्तीत आठवड्याला दोन. माझ्याकडे एक माणूस आहे. कुठं देऊ, तुम्हीच सांगा."

मी मुळीक हवालदारांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

टपरीवर आल्यावर मालकांनी विचारलं, "काय झालं?"

"आपण फार चांगलं काम केलं, असं झालं," हवालदार म्हणाले.

मी म्हणाले, "मग उद्यापासून वर्दी घालतच नाही वाळत. होऊ देत चोऱ्या. झाल्या की देतील माणूस."

"होऊ देत म्हणजे कुणाच्या गळ्यात होऊ देत, वहिनी?"

इस्त्री तापून बाजूला धूर काढत होती. मालक म्हणाले, "शेवंताची मान अजून वळत नाही नीट." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि आपली मंगल याच रस्त्यानं येते."

"मग ठेवायची वर्दी?" मी विचारलं.

"ठेवा," मुळीक म्हणाले. "मी निवडणुकीनंतर परत अर्ज करतो. कुणाला तरी पटेल." कप खाली ठेवून ते उठले. "कपड्याला घाबरणारा चोर किती दिवस घाबरेल, ते मात्र मला माहीत नाही. कपडा काही हलत नाही, बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी ओली करून तारेवर घातली.

डिसेंबरातला तो पहिला गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी वीज जायची. संध्याकाळी यायची ती त्या दिवशी आली नाही. एका लग्नघरचे कपडे पोचवायचे होते, म्हणून मी आणि मालक दोन गाठोडी डोक्यावर घेऊन वस्तीत गेलो. मंगल आमच्या आधीच घरी पोचली होती. कंदील ओट्यावर ठेवला होता. आम्ही परत निघालो तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. दूध घालणारा सायकल टाकून आमच्याकडे पळत येत होता.

"मावशी, बालवाडीच्या बाई! चौकीवर पडल्यात!"

ती ओट्याच्या पायरीशी पडली होती. डोक्याखाली रक्त. गळ्यावर ओरखडा. तारेवरचा एक शर्ट खाली पडला होता, तो मी तिच्या डोक्याला बांधला. मालक हायवेवर पळाले आणि टेंपो घेऊन आले. टेंपोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती श्वास घेत होती, मोठ्यानं, झोपेत घेतात तसा.

दुसऱ्या दिवशी वस्ती चौकात जमली. पेपरवाले आले. त्यांनी कुलपाचा फोटो काढला. दुपारी जालूअण्णा माझ्या टपरीवर आले, एकटे. गाडी लांब उभी केली. त्यांचं तोंड उतरलं होतं, ते नाटक नव्हतं. हेमाच्या दवाखान्याचं सगळं त्यांनीच बघायचं कबूल केलं होतं.

"कौसाबाई, चहा सांगू नका. एक विचारायचंय. चौकीत मुळीक बसत होते ना?"

"नाही अण्णा. कुणीच बसत नव्हतं. किल्ली तुमच्याकडेच आहे."

"किल्लीचं सोडा. त्यांचे कपडे इथं वाळत असायचे. अख्ख्या वस्तीनं बघितलेत. पेपरवाले विचारतात, चौकीला कुलूप कसं? त्यांना एवढंच सांगायचं की हवालदार रोज बसायचे, काल नव्हते. खातं बघेल काय ते."

"आणि मुळीकभाऊंचं काय होईल?"

"चौकशी होईल थोडी. म्हातारा माणूस आहे, सोडतील."

"सहा महिन्यांत निवृत्त व्हायचेत ते."

अण्णा खाली बघत म्हणाले, "मावशी, ही चौकी खोटी होती असं ठरलं, तर पुढच्या वेळी मला कोण मत देईल? आणि मी नसलो तर तुमच्या रस्त्याला दिवा तरी कोण लावील? वाण्याचा पोरगा उभा राहतोय माझ्यासमोर. तो इथं कधी आलाय तरी का? विचार करा. रविवारी सभा आहे, मोठे साहेब येणार आहेत. तुम्हाला विचारतील."

ते गेले. मी मुळीक हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला जे सांगायचं ते सांगा, वहिनी. कपडे माझेच आहेत. दिलेत मीच."

शनिवारी मी दवाखान्यात गेले. हेमाला शुद्ध आली होती. डोकं बांधलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. नवरा बाहेर औषध आणायला गेला होता. मी तिच्या उशाशी बसले. माझ्या मनात एकच गोष्ट होती.

"पोरी," मी म्हणाले, "त्या चौकीत कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. ते कपडे मी वाळत घालायची."

"मला माहितीय, मावशी."

"काय माहितीय?"

"माझे दोन काका आणि एक मामा पोलिसात आहेत." ती थांबत थांबत बोलत होती. "पोलिसाच्या घरात वर्दी रोज धुवत नाहीत. आणि तुमच्या चौकीत माणसापेक्षा कपडे जास्त होते."

ओठाच्या एका बाजूनं ती हसली. मी म्हणाले, "मग तू रोज नमस्कार कुणाला करायचीस?"

"मागून कुणी येत असलं तर त्याला ऐकू जावं म्हणून."

मग तिनंच सांगितलं. ओढा ओलांडल्यावर तिला मागे गाडीचा आवाज आला. दिवा न लावता येत होती. तिला कळलं. वस्ती लांब होती, आणि हायवेच्या वाटेवर तीच गाडी.

"माहीत असून तिकडे का पळालीस गं?"

"दुसरीकडे कुठं पळणार? अख्ख्या रस्त्यावर तेवढी एकच जागा होती, जिथं कुणीतरी आहे असं त्यांना वाटत होतं." तिनं पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. "ओट्यावर चढले. दाराला पाठ लावून उभी राहिले, कुलूप दिसू नये म्हणून. आणि खिडकीकडे मान वळवून ओरडले, साहेब, बाहेर या, ते दोघं आलेत. मावशी, ते थांबले. खरंच थांबले. पायरीशी गाडी बंद केली आणि ऐकत उभे राहिले. मी पण ऐकत उभी राहिले."

"मग?"

"मग काय. आतून कुणी नुसतं खोकलं असतं, तरी गेले असते."

तिचा नवरा औषध घेऊन आला. मी उठले. जाताना ती म्हणाली, "बाराखडी पुरी करून ठेवा. आल्यावर बघणार आहे."

रविवारी सभा झाली. मोठे साहेब, ठाण्यात भेटलेले तेच, खुर्चीवर, शेजारी अण्णा. मुळीक हवालदार वर्दीत, एका बाजूला उभे, हात मागे बांधून. त्यांची ती वर्दी मीच इस्त्री केली होती सकाळी. साहेबांनी विचारलं, "चौकीशेजारी टपरी कुणाची?"

मी उभी राहिले. मी आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते. मी म्हसोबाच्या कट्ट्याला हात टेकला.

"माझी. साहेब, ह्या चौकीत उद्घाटनापासून कुणी बसलं नाही. मुळीक हवालदार नाही, दुसरं कुणी नाही. त्यांचे कपडे माझ्याकडे धुवायला असतात. ते मी तारेवर घालत होते, पोलीस आहे असं वाटावं म्हणून. त्यांना ठाऊक होतं. माझ्या मालकांना ठाऊक होतं. तुमच्याकडे आम्ही शिपाई मागायला आलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात चोरी होत नाही. ती ह्या कपड्यांमुळे होत नव्हती."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणी हसलं नाही. शेवंता उठली.

"म्हणजे कौसा, इतके महिने आम्ही एका शर्टाच्या भरवशावर चालत होतो?"

"दोन शर्टांच्या," आमचे मालक हळूच म्हणाले, आणि त्यांनीच मान खाली घातली.

"आणि तू मला तोंडावर सांगितलंस, चौकी सुरू झाली म्हणून!"

"सांगितलं," मी म्हणाले. "तू निर्धास्त चालायला लागलीस म्हणून पुढे बोलले नाही."

शेवंता रडायला लागली. दुसऱ्या बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. कुणी मला शिव्या दिल्या, कुणी अण्णांना. अण्णा उभे राहून म्हणाले, "मावशी, हे सगळं तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कुणाला सांगू, अण्णा? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भाषणात शून्य कसं म्हणाला असता? आणि वस्तीला सांगितलं असतं तर चोरांनाही कळलं असतं."

मोठे साहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी ती किल्ली मागितली. अण्णांच्या माणसानं खिशातून काढून दिली. साहेबांनी स्वतः कुलूप काढलं. आत एक टेबल होतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, आणि फरशीवर उद्घाटनाच्या झेंडूच्या पाकळ्या वाळून पडल्या होत्या. ते दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी ठाण्यात तुम्ही हे मला का नाही सांगितलंत?"

मी म्हणाले, "साहेब, तुमच्या समोर मुळीकभाऊ उभे होते."

त्यांनी मुळीक हवालदारांकडे बघितलं आणि मान हलवली.

मुळीक हवालदारांना वर्दीच्या गैरवापराबद्दल लेखी समज मिळाली. पेन्शनला धक्का लागला नाही. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे गेले, जाताना ती जुनी टोपी मालकांना देऊन गेले. अण्णा निवडणूक थोडक्यात हरले. वाण्याचा पोरगा निवडून आला आणि त्यानं चौकीला नवा रंग दिला. ते दोघे मोटरसायकलवाले त्या रस्त्यावर पुन्हा दिसले नाहीत. पकडलेही गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ऐकलं की स्टेशनमागच्या वस्तीत चोऱ्या वाढल्यात. ती तीच माणसं की दुसरी, कुणाला ठाऊक. मंगल मात्र पुन्हा ओढ्याजवळ पळायला लागली. शिपाई ओट्यावर बसलेला असला तरी पळायची. मी एकदा म्हणाले, "आता तर खरा माणूस आहे की गं." ती म्हणाली, "आधीही मला खराच वाटत होता, आत्या."

तो शिपाई तरुण होता, साताऱ्याकडचा. संध्याकाळी टपरीवर चहा प्यायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही, कारण त्याला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. आमच्या चौकीत तो सोमवारी, १६ डिसेंबर १९९६ ला हजर झाला. हेमलता शरद डुंबरे, वय चोवीस, डोक्यात पुन्हा रक्त साकळून, त्याच्या दोन दिवस आधी, सभेनंतरच्या शनिवारी, १४ डिसेंबरला, सकाळी दवाखान्यात वारली.